नमुना नेला, निकाल कुठं आहे?

आमच्या दूध संस्थेत सकाळी सहाला मशीन सुरू होतं आणि सगळ्यांचे डोळे त्याच्या आकड्याकडं लागतात. किटलीतलं दूध लहान भांड्यात घ्यायचं, नळी बुडवायची, थोडं थांबायचं. मग फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, उमटतं. दूध घालणारा माणूस तोवर रिकामी किटली हातात घेऊन तसाच उभा असतो. आकडा पटला तर पावती खिशात घालून घरी जातो. नाही पटला तर, "सेक्रेटरी, काल फॅट सहा-चार लागली होती की ओ, आज पाच-नऊ कशी?" मग परत लावून दाखवायचं, सगळ्या रांगेसमोर. तरी पटलं नाही तर कपाटातलं फॅट मोजायचं जुनं गर्बरचं सामान काढायचं. ब्युटिरोमीटर म्हणतात त्या काचेच्या नळीत १० मिली ॲसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाईल अल्कोहोल. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि फॅट किती काड्या चढली ते त्याचं त्यालाच वाचायला लावायचं. ह्यात वेळ जातो, मागची रांग कुरकुरते. पण हे मी कधीच टाळत नाही.

बेळगाव-खानापूर रस्त्याकडच्या एका गावात मी ही सेक्रेटरीकी करतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे सांगायचंय त्यात माझ्या चुलतभावाचा धंदा आहे आणि तो आत्ता कुठं परत उभा राहतोय.

मशीन आतून कसं चालतं हे आमच्या गावात कुणाला माहीत नाही. त्यातून ध्वनिलहरी जातात, त्यावरून फॅट काढतात, हे मी सांगितलं तरी किती जणांच्या लक्षात राहणार? तरीही ह्या मशीनवर लोकांची महिन्याची कमाई ठरते आणि ते ती मान्य करतात. कारण परीक्षा त्यांच्या डोळ्यांदेखत होते, निकाल तिथंच मिळतो, कागदावर मिळतो आणि शंका काढली तर कुणी हाकलून देत नाही.

आता ह्याच्या उलट काय होतं ते सांगतो.

माझा चुलतभाऊ गावातलं म्हशीचं दूध गाडीवरून बेळगावात नेतो. टिळकवाडी, अनगोळ, शहापूरकडं त्याचे रतीब आहेत, काही घरी तर त्याच्या वडलांपासूनचे. एका सकाळी शहराच्या तोंडाशी तपासणीची गाडी उभी होती. येणाऱ्या दूधवाल्यांना थांबवून कॅनमधून नमुने घेतले, बाटल्या सील केल्या, सह्या घेतल्या. रीतसर काम होतं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. नमुने घेतलेच पाहिजेत, अजून जास्त घेतले पाहिजेत. पण तिथं कुणीतरी फोटो काढला आणि दुपारपर्यंत तो फोनाफोनी फिरला. खाली लिहिलेलं, "खानापूर रोडच्या दुधात भेसळ, सावध राहा." फोटोत भावाची गाडी स्पष्ट ओळखू येत होती.

दुसऱ्या दिवशी एका घरानं सांगितलं, आम्ही चार दिवस गावाला जाणार. दुसऱ्यानं सांगितलं, डॉक्टरनी दूध कमी करायला सांगितलंय. तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, त्याला उत्तर तरी देता आलं असतं. महिन्याभरात त्याचा एक कॅन कमी झाला.

आणि निकाल? अन्नसुरक्षा कायद्यात आहे की नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अन्न विश्लेषकानं अहवाल द्यायचा. बेळगावातच विभागीय अन्न प्रयोगशाळा आहे, नमुना काही बेंगळुरूला पाठवायचा नाही. आम्ही वाट बघितली. मग विचारायला गेलो, तर पुढच्या आठवड्यात या. मग लेखी अर्ज दिला. शेवटी हातात कागद पडला, त्यात दूध मानकाप्रमाणे असल्याचं लिहिलं होतं. पण तोवर फोटो जुना झाला होता आणि पास झालेल्या दुधाची बातमी कुठलाच पेपर छापत नाही.

भाऊ तो कागद घेऊन घरोघर फिरला. कागद इंग्रजीत. टिळकवाडीच्या एका आजींनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाल्या, "कागद राहू दे रे बाळा. नापास असतं तर पेपरात आलं असतं. पास झालं तर का नाही आलं?"

त्यांच्या ह्या प्रश्नाला माझ्याकडं आजही उत्तर नाही. "नमुने प्रयोगशाळेत पाठवण्यात आले आहेत" ह्या वाक्यावर आपल्याकडची प्रत्येक बातमी संपते. यात्रेतल्या मिठाईची असो, हॉस्टेलच्या जेवणाची असो, दिवाळीच्या खव्याची असो. नमुने गेले ते गेलेच. माझं ठाम मत आहे की लोकांचा विश्वास भेसळीनं जेवढा उडालाय, त्याहून जास्त ह्या न आलेल्या निकालांनी उडालाय. निकाल आला नाही की माणूस आपल्या मनानं निकाल लावतो, आणि तो नेहमी वाईटच असतो. पास झालेला मनातून नापास होतो आणि जो खरोखर नापास झालाय तोही त्याच गर्दीत लपून जातो.

आकडे आले तरी ते कसे येतात तेही बघा. २०११ साली देशभरातल्या दुधाची पाहणी झाली, १,७९१ नमुने. त्यातले ६८.४ टक्के मानकात बसले नाहीत. बातमी झाली, देशातलं दोन तृतीयांश दूध भेसळीचं. खरं तर त्यातला मोठा भाग फॅट किंवा एसएनएफ कमी असण्याचा होता, म्हणजे पाणी घातलेलं किंवा मुळातच पातळ दूध. पाणी घालणं ही फसवणूकच आहे, त्याची बाजू मी घेत नाही. पण पाणी घातलेलं दूध आणि विषारी दूध ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कायदाही त्या वेगळ्या मानतो. एक "कमी दर्जाचं", दुसरं "असुरक्षित". पहिल्याला दंड, दुसऱ्याला तुरुंगसुद्धा. पेपरात मात्र दोन्हीला एकच शब्द, भेसळ.

पुढं २०१८ मध्ये अजून मोठी पाहणी झाली, ६,४३२ नमुन्यांची. त्यात ९३ टक्के दूध पिण्यास सुरक्षित निघालं. युरिया, डिटर्जंट, हायड्रोजन पेरॉक्साईड असलं काही घालून घातक केलेलं दूध सापडलं ते फक्त १२ नमुन्यांत. ही गोष्ट मी आमच्या संस्थेच्या सभेत सांगितली तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. कारण तोवर त्यांच्या फोनवर दुसराच आकडा घर करून बसला होता: दुधातल्या भेसळीमुळं २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कॅन्सर होणार, असं जागतिक आरोग्य संघटनेनं म्हटलंय. संघटनेनं असं काहीही म्हटलेलं नव्हतं. केंद्राच्या पशुपालन खात्यानं २०२३ च्या नोव्हेंबरात तसा खुलासाही केला. खुलासा इंग्रजीत. अफवा मात्र स्वच्छ मराठीत, खाली हात जोडलेलं चित्र आणि "आपल्या माणसांना पाठवा".

आमच्या भागात हे फार होतं. खात्याचं पत्रक येतं ते कन्नडात, क्वचित इंग्रजीत. मला कन्नड वाचता येतं, बोलता येतं, आणि त्या भाषेशी माझं काडीचं वैर नाही. पण आमच्या संस्थेत दूध घालणाऱ्या साठीच्या पुढच्या बायका मराठी शाळेत दोन-चार इयत्ता शिकलेल्या. त्यांना कन्नड बाजारापुरतं समजतं, छापलेलं वाचता येत नाही. मग त्यांच्यापर्यंत मराठीत काय पोचतं? नातवाच्या फोनवरचं. सीमेचा वाद कोर्टात जायचा तेव्हा जाईल, सुटायचा तेव्हा सुटेल. तोवर आरोग्याची सूचना आक्काला वाचता येईल अशा अक्षरात लावायला कुणाची काय हरकत असावी? मी आता आलेलं प्रत्येक पत्रक संस्थेच्या फळ्यावर मराठीत उतरवतो. त्यातही "सक्षम प्राधिकाऱ्याच्या" असलं काही लिहीत नाही, सरळ लिहितो.

असंच एकदा फळ्यावर लिहिताना माझ्या लक्षात आलं की खरा धोका भलतीकडंच आहे.

२०१८ च्या त्याच पाहणीत १२ नमुने भेसळीचे होते, पण ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-वन मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. हे कुणी मुद्दाम घालत नाही. पेंडीला, मक्याला, शेंगदाण्याला ओल लागली की एक जातीची बुरशी धरते आणि ती विष तयार करते. जनावरानं ती पेंड खाल्ली की त्या विषाचा थोडा भाग दुधात उतरतो. दूध उकळलं तरी जात नाही, पाश्चरायझेशननंही जात नाही. कायद्यानं मर्यादा घातलीय ती किलोला अर्ध्या मायक्रोग्रॅमची, इतकी थोडी. आमच्या मशीनला ते कळत नाही. दुधाचा दाटपणा मोजणाऱ्या लॅक्टोमीटरला कळत नाही. वासाला, चवीला, जिभेला, कशालाच कळत नाही.

आता खानापूर तालुक्यातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. जांबोटी-कणकुंबीकडं तर जूनमध्ये धरलेली धार गणपती आले तरी सुटत नाही. आमच्याकडंही त्या दिवसांत भिंती घाम सोडतात. सरकी पेंडेचं पोतं गोठ्याच्या कोपऱ्यात, खाली जमीन, मागं भिंत. वरची पेंड कोरडी असते. तळाला हात घातला की ढेकूळ लागतं, फोडलं की आत हिरवट-करडा बुरा आणि तोंडावर येणारा कुबट वास. मी हे एकेका गोठ्यात जाऊन बघितलंय. मालक म्हणतो, "टाकून कशी द्यायची ओ? एवढं महाग पोतं. माणसांनी थोडीच खायचीय, म्हशीलाच तर घालायची." आणि म्हैस ती खाते. संध्याकाळचं दूध आमच्या मशीनवर येतं, फॅट सहा-पाच लागते, पावती निघते, सगळे खूश.

ह्यावर आमच्या संस्थेत जे थोडंफार बदललं, ते आमच्याकडं येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांमुळं. ते बागलकोटकडचे, घरची भाषा कन्नड. मराठी मोडकंतोडकं, पण बोलायची लाज नाही. पत्रक वाचून दाखवायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. एकाच्या गोठ्यातून पोतं उचलून आणलं, संस्थेच्या पायरीवर उपडं केलं आणि सगळ्यांना म्हणाले, "मामा, वास बघा. आक्का, तुम्ही पण बघा. कुबट? घालू नका. हे तुमच्या नातवाच्या कपात जातंय." मग पोत्याखाली फळ्या कशा टाकायच्या, भिंतीपासून हातभर लांब कसं ठेवायचं, पावसाळ्यात एकदम चार पोती का भरायची नाहीत, हे दाखवलं. आणि सगळ्यात चांगली बातमी शेवटी दिली की बुरशीची पेंड बंद केली तर थोड्याच दिवसांत दूध पूर्ववत होतं. एक आक्का, जी कधी सभेत तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "एवढंच होय? मग हे आधी का नाही कुणी सांगितलं?"

कळल्यावर लोक वागत नाहीत असं मला आता वाटत नाही. ज्यांना कळवलंच नाही त्यांना अडाणी ठरवून मोकळं व्हायची सवय आपल्या व्यवस्थेला लागलीय, एवढंच.

औषधाचं दुखणं मात्र अजून सुटलेलं नाही, आणि ते मला रात्री सुद्धा आठवतं. म्हशीची कास सुजली, सड दगडासारखा झाला की अँटिबायोटिकची इंजेक्शनं होतात. त्यानंतर काही दिवस दूध संस्थेत घालायचं नसतं, किती दिवस ते औषधाच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं. पण एकाच म्हशीवर ज्याचं घर चालतं त्यानं तेवढे दिवस काय करायचं? आणि दूध घातलं तर मशीनला कळत नाही. म्हणजे जो प्रामाणिकपणे सांगतो त्याचा पगार बुडतो आणि जो गप्प बसतो त्याची पावती निघते. अशी घडी असेल तर माणसांच्या सचोटीवर किती भार टाकायचा? आम्ही सभेत ठराव केलाय की डॉक्टरची चिठ्ठी दाखवून जो आपणहून दूध थांबवेल त्याला संस्थेच्या फंडातून थोडी भरपाई द्यायची. रक्कम फार नाही. पण ठराव झाल्यापासून लोक येऊन सांगायला लागलेत, आधी कुणीच सांगत नव्हतं. मोठ्या संघांनी, सरकारनं ह्याचा विचार केला तर बरं. दंडाच्या धाकानं लपवाछपवी वाढते, हे रोज पहाटे माझ्यासमोर घडताना मी बघितलंय.

भावाचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्यानं माझ्याकडचा एक लॅक्टोमीटर आणि लांब नळकांडं गाडीला बांधलं. ज्या घरात शंका असेल तिथं म्हणायचा, तुम्हीच बुडवा, तुम्हीच वाचा. पण मी त्याला एक गोष्ट बजावली होती आणि त्यानं ती पाळली: ह्यात काय कळत नाही तेही सांगायचं. लॅक्टोमीटरनं पाणी कळतं, तेही दूध फार गरम नसेल तर. कुणी पाण्याबरोबर साखर किंवा मीठ घातलं तर काटा फसतो. औषध कळत नाही, बुरशी कळत नाही. युरियाची घरगुती पट्टी मिळते, पण दुधात मुळातच थोडा युरिया असतो आणि ७०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ७०० भागांपर्यंत, कायदाही तो मान्य करतो, त्यामुळं पट्टीला जरासा रंग आला की घाबरून दूध ओतून देऊ नका. असं सगळं तो सांगायला लागल्यावर लोक दूर जातील अशी त्याला धास्ती होती. उलट झालं. शहापूरच्या एका बाई त्याला म्हणाल्या, "बाकीचे सगळे आमचं एकदम शुद्ध म्हणतात. तू पहिला की ज्यानं काय माहीत नाही ते सांगितलंस." त्या घराचा रतीब परत सुरू झाला. बाकीचीही काही घरं आली, काही कायमची गेली.

रेशनच्या तांदळातही हेच घडलं. तुम्ही बघितलं असेल, अलीकडं रेशनच्या तांदळात मधेच एखादा दाणा जास्त पांढरा, जरा गुळगुळीत असायचा, पाण्यात टाकला की वर यायचा. आमच्या आईनं ते दाणे निवडून वाटीत जमवले आणि मला दाखवले, "बघ, प्लॅस्टिकचा तांदूळ घालालेत सरकारवाले." गल्लीतल्या सगळ्या बायका तेच करत होत्या. प्रत्यक्षात तो पोषक दाणा. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून, दाण्याच्या आकारात काढून, साधारण शंभर दाण्यांत एक ह्या प्रमाणात मिसळलेला. २०२१ च्या १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधानांनी ते जाहीर केलं आणि २०२४ पर्यंत देशभरच्या रेशनमध्ये आणायचं ठरलं. ज्या बायकांच्या अंगात रक्त कमी म्हणून हा खटाटोप, त्याच बायका तो दाणा निवडून कोंबड्यांना टाकत होत्या! ह्यात त्यांचा काय दोष? रेशन दुकानात मराठीत दोन ओळींचा कागद लावला असता तरी पुरलं असतं. मी आईसमोर ते दाणे वेगळे शिजवले, बोटानं चिरडून दाखवले, पीठ झालं. तेव्हा तिला पटलं. आता तीच गल्लीत सांगते. मला वाटतं की घालायच्या आधी लोकांना विचारायलाही हवं होतं, कारण आपल्या ताटात काय मिसळतात ते आधी कळणं हा माणसाचा हक्क आहे, मग ते चांगल्यासाठी का असेना.

गोबी मंचुरियनचा विषय तर आमच्या पोरांचा जिव्हाळ्याचा. ११ मार्च २०२४ ला कर्नाटकचे आरोग्यमंत्री दिनेश गुंडूराव यांनी गोबीत आणि बुड्ढी के बाल म्हणतात त्या कापसाच्या मिठाईत कृत्रिम रंगांवर बंदी जाहीर केली. गोबीच्या १७१ नमुन्यांत १०७ असुरक्षित, मिठाईच्या २५ मध्ये १५. ह्या वेळी सरकारनं आकडे सांगितले, रंगांची नावं सांगितली, शिक्षा सांगितली, हे मला आवडलं. ऱ्होडामाईन-बी हा मुळात कापडाचा वगैरे रंग, कुठल्याच खाण्यात चालत नाही. टारट्राझिन, सनसेट यलो हे काही ठरावीक पदार्थांत मर्यादेत चालतात, पण गाड्यावरच्या गोबीत नाही. त्या जूनमध्ये कबाबवरही तशीच बंदी आली. पुढच्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, इडली वाफवताना कापडाऐवजी प्लॅस्टिक वापरणाऱ्यांवर बडगा उगारला. राज्यात २५१ ठिकाणी तपासलं तर ५२ ठिकाणी प्लॅस्टिक. इथंही आकडे होते. पण सगळ्या राज्याचे मिळून. आमच्या बेळगावात किती गाडे तपासले, किती पास, किती नापास, नापास झालेल्यांचं पुढं काय झालं? ते कुठंच वाचायला मिळालं नाही. बंदीनंतर काही महिने गाड्यावरची गोबी तपकिरी दिसत होती, पोरं म्हणत होती चव तीच आहे. आता परत काही ठिकाणी लालभडक दिसायला लागलीय. तपासणी थांबली का, की रंगच बदलला, की तिखटाचाच रंग आहे? गिऱ्हाईकाला कसं कळणार?

सीमेवर राहिल्यामुळं अजून एक घोळ. शिनोळी आली की महाराष्ट्र, इकडं कर्नाटक. पण खवा, गूळ, दूध, चटणी, पापड रोज इकडून तिकडं जातात. तक्रार करायची तर कुठं? ह्यासाठी पाकिटावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ आकडी नंबर बघायला शिका. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान धंद्याची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, कर्नाटकला १२ आणि महाराष्ट्राला १५. आमच्या गावातल्या किराणा दुकानात एकाच फळीवर २१२ चे आणि २१५ चे चटणीचे पुडे शेजारी शेजारी बसलेले असतात. २१५ वाल्यात काही निघालं तर बनवणाऱ्याचं दप्तर पलीकडं आहे, विकणाऱ्याचं अलीकडं. सामान्य माणूस दोन्हीकडं फिरून कंटाळतो. कायदा २००६ चा, सगळ्या देशाला एकच, मग दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांनी सीमेवरच्या तक्रारी एकमेकांकडं आपणहून पाठवायला काय अडचण आहे? ऊस, दूध, माणसं, सगळं रोज ये-जा करतंय, तक्रारीचा कागदच तेवढा नाक्यावर अडतो. तोवर १८००११२१०० हा केंद्राचा फुकटचा नंबर फोनमध्ये घालून ठेवा. आणि ज्या पुड्यावर नंबरच नाही तो दुकानदाराला परत द्या, भांडू नका, नुसतं विचारा, "ह्याचा नंबर कुठं आहे?"

ह्या कायद्यात ४० वं कलम आहे, ते फार कमी लोकांना माहीत आहे. कुठलाही गिऱ्हाईक विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. घेतानाच विकणाऱ्याला तसं सांगायला लागतं. माल नियमात बसला नाही तर फी परत मिळते. म्हणजे नुसती शंका मनात धरून बसायची गरज नाही. चार घरांनी वर्गणी काढली तरी जमतं. महिला मंडळांनी, तरुण मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतून असं एखादं काम करावं असं मला मनापासून वाटतं.

आमच्या संस्थेनं मागच्या महिन्यात पंचायतीकडं आणि तालुक्याला एक अर्ज दिलाय. कन्नडात आणि मराठीत, दोन्हीत लिहिला. मागणी मोठी नाही. आमच्या पंचायतीच्या हद्दीतून किंवा इथल्या विक्रेत्यांकडून जे जे नमुने घेतले जातील त्यांची यादी पंचायतीच्या फळ्यावर लावावी: तारीख, पदार्थ, निकाल. पास असेल तर पास लिहा, कमी दर्जाचा असेल तर तसं, असुरक्षित असेल तर तसं, आणि पुढं काय कारवाई झाली ते. दोन्ही भाषांत. पंचायतीत अर्ज घेतला, पोच दिली. पंचायतीतल्या एका सदस्यांनी विचारलं, "नापास निघालं तर आपल्याच गावाची बदनामी की ओ?" मी त्यांना भावाची गोष्ट सांगितली. त्यांनी पुढच्या ग्रामसभेत विषय घ्यायचं कबूल केलंय. वेळेत उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात विचारणार, तोही अर्ज तयार आहे.

येत्या रविवारी सकाळचं संकलन झालं की डॉक्टर परत संस्थेत येणार आहेत. ज्यांच्या गोठ्यात पावसाळ्यातली पेंड शिल्लक आहे त्यांनी पोत्याच्या तळातली दोन मुठी कागदात बांधून आणायची. वरची नको, तळातलीच.